निम्म्या तुमच्या, निम्म्या माझ्या

बाई जिना चढत होती आणि मधे कुठेही थांबली नाही. झालं ते एवढंच. पण त्या इमारतीचा जिना न थांबता चढणारा पेशंट मी कधी पाहिला नव्हता. श्वासाच्या आजारांचा दवाखाना, तो दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद. माझी बायको म्हणायची, डॉक्टरांना सोपं पडतं, वर पोचलेल्याला सांगायचं की तुम्ही बरे आहात, आता घरी जा. ती स्वतः प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी राहायची आणि भिंतीवरचे फलक वाचायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बाईला वाचनाची आवड आहे. त्या दिवशी मी तिचं ऑक्सिजनचं मशिन परत द्यायला चाललो होतो. दवाखान्याचं होतं, वापरायला दिलेलं. त्याला चाकं आहेत, पण जिन्यावर चाकं काय कामाची. पहिल्या वळणावर ते खाली ठेवून मी धापा टाकत होतो, तेवढ्यात खालून पावलं आली, एकसारखी, न अडखळता. इतकी वर्षं एकाच माणसाचा श्वास ऐकत काढली की कानाला खोड लागते. रस्त्यात, दुकानात, कुठेही मी आधी श्वास ऐकतो, मग तोंडाकडे बघतो. हा श्वास धडधाकट माणसाचा वाटला, म्हणून नर्स असेल समजून मी मशिन बाजूला ओढलं आणि वळून बघितलं, तर ती बाकावरची.

बाकावरची हे तिचं नाव नाही. माझी बायको तिला तसं म्हणायची. दवाखान्याच्या लांब बोळात एक बाक आहे, आणि तपासणीला दोघींना एकच दिवस मिळाला होता. मी बायकोला दारात सोडून कामावर जायचो आणि दुपारी न्यायला यायचो. घरी जाताना मग मला बाकावरचीच्या गोष्टी ऐकायला मिळत. बाकावरची लाँड्रीत होती, वाफेच्या इस्त्रीखालून कपडे काढायच्या कामाला. बाकावरचीची सून अशी, बाकावरचीचा नवरा तसा. एकदा मी विचारलं, तिला नाव आहे की नाही? तर म्हणाली, असेल की, विचारायचं राहून गेलं, आता विचारणं बरं दिसत नाही.

मशिन बघून बाकावरची थांबली. तिला सांगावं लागलं नाही. नर्सनं सांगितलं म्हणाली, मला यायचं होतं पण घर कुठं ते माहीत नव्हतं, आणि नावही नीट माहीत नव्हतं, कुणाच्या घरी जायचं म्हणून विचारू? "मी त्यांना भिंतीकडच्या म्हणायची," ती म्हणाली. "त्या भिंतीकडे बसायच्या ना, टेकायला."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोला आणखी एक नाव होतं आणि ते मला जिन्यात कळलं.

मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या दिसता." बोलताना ते चांगलं वाटावं असं माझ्या मनात मुळीच नव्हतं. तिलाही ते बरोबर पोचलं. ती म्हणाली, हो, आहे बरी, लाज वाटते. मग कठड्यावर हात ठेवून ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या मेहुण्यांनी सांगितलं का हो, कुणाची खरी होती?"

हे समजायला गोळ्यांचं आधी सांगितलं पाहिजे. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, प्रयोगशाळेत काम करतो. आयुष्यातला मोठा भाग त्यानं उंदरांवर घालवला. तो सख्खा मामा असल्यानं आमची मुलगी लहानपणापासून त्याला उंदीरमामा म्हणते, आणि तोही त्यावर हसतो. उंदरांना धूर द्यायचा, त्यांची फुप्फुसं खराब करायची, मग त्यातल्या काहींना मेलॅटोनिन द्यायचं आणि शेवटी सगळ्यांची फुप्फुसं काढून आतलं पेशीजाल तपासायचं, असं त्याचं काम. मेलॅटोनिन म्हणजे अंधार पडला की आपल्या डोक्यात आपोआप तयार होतं ते, झोप आणणारं. ते झोपेशिवाय आणखीही काही करतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या बायकोनं ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "औषधाच्या नावातच 'मेलं' आहे, ते काय जगवणार?" मेहुण्याला त्याच्या कामावर केलेला विनोद सहसा आवडत नाही, पण ताईचा आवडला.

मला त्यानं ते माझ्या भाषेत सांगितलं. माझं काम लोखंडाचं. फाटकं, जाळ्या, जिन्याचे कठडे. तो म्हणाला, भाऊजी, तुमच्या लोखंडाला हवा लागली की गंज चढतो, तसंच हे. आपण ज्या ऑक्सिजनवर जगतो त्यातलाच थोडा आत बिथरतो आणि जे दिसेल त्याला चावत सुटतो. धूर, धूळ, वाफा खाल्लेल्या फुप्फुसात तो जास्त बिथरतो. त्याला आमच्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, तुम्ही गंज म्हणा. मेलॅटोनिन मधे पडतं आणि ते चावणं स्वतःवर घेतं. म्हणजे प्रायमर, रंगाआधी गंज अडवायला मारतात तो, मी म्हटलं. तो म्हणाला, जवळजवळ. मला ते पटलं, आणि तिथंच माझा घोळ झाला. उशा भरायच्या कारखान्यात वीस वर्षं तंतू गिळलेल्या माझ्या बायकोच्या छातीत मला दुसरं काही दिसेचना. तिला खोकल्याची उबळ आली की मला वाटायचं, घासा, कुणीतरी तारेचा ब्रश घेऊन घासा.

मग उंदरांवरून गोष्ट माणसांवर आली. या दवाखान्यातल्या काही पेशंटांना गोळ्या द्यायच्या ठरल्या. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाची कुठली ते पेशंटला माहीत नाही, देणाऱ्या नर्सला नाही, मेहुण्यालाही नाही. बाटलीवर नुसता नंबर. शेवटी सगळं मोजून झालं की मग उघडायचं. मेहुणा ताईला घ्यायला तयार नव्हता, पण ती हट्टाला पेटली. म्हणाली, उंदरांना द्यायला हात आखडला नाही तुझा, मग मला देताना का? शेवटी त्यानं तिचं सगळं डॉक्टरांवर सोपवलं आणि आपण लांब राहिला.

आणि त्या दोघींनी काय केलं, ते बाकावरचीनं मला जिन्यात सांगितलं. बोळातल्या बाकावर, बाटल्या हातात पडल्याबरोबर, माझ्या बायकोनं हिशेब मांडला. निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी. आपण दोघी. म्हणजे आपल्यातल्या एकीची खरी असणारच. बाकावरचीला तो हिशेब चोख वाटला. अजूनही वाटतो. मग माझ्या बायकोनं आपल्या डब्याचं झाकण मांडीवर ठेवलं, दोघींच्या बाटल्या त्यात ओतल्या, तांदूळ सारखे करावेत तशा हातानं सारख्या केल्या आणि पुन्हा दोन बाटल्यांत भरल्या. निम्म्या तुमच्या, निम्म्या माझ्या. दर खेपेला. उरलेल्या गोळ्या नर्स मोजून घ्यायची, म्हणून कमीजास्त होणार नाही याची काळजी घेतली. "त्या म्हणाल्या, एकीला पूर्ण आणि एकीला काहीच नाही, यापेक्षा दोघींना अर्धं बरं," बाकावरची म्हणाली. "मला हे सुचलं नसतं. मी तर मनातून देवाला म्हणत होते, माझी खरी निघू दे."

मग तिनं विचारायचं ते विचारलं. "खरी त्यांची असेल, तर त्यांच्यातली निम्मी मी खाल्ली. मी त्यांच्या वाटचं खाल्लं का, एवढंच विचारा त्यांना. दुसरं काही नको."

मी बघतो म्हटलं आणि मशिन उचललं. तिनं एका बाजूनं धरलं. नको म्हटलं तरी धरलं. वरपर्यंत तिला धाप लागली नाही.

मशिन ताब्यात देऊन मी माझ्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक वेल्डिंगचं मशिन आणि मी. एका बंगल्याचं जुनं फाटक रंगवायला आलं होतं. ते आडवं टाकून मी घासायला बसलो. गंज लाल भुकटी होऊन खाली पडत होता, नाकात जात होता, आणि माझ्या डोक्यात ते झाकण. ते झाकण मला माहीत आहे. त्याच्या कडेला पोचा आहे, तो डबा माझ्याच हातून पडला होता. दर खेपेला त्या झाकणात गोळ्या ओतल्या गेल्या, आणि संध्याकाळी तेच झाकण घासून डब्यावर बसवून तिनं तो डबा दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिला. मी त्यातलं जेवलो. तोंडातून एक शब्द नाही. बाकावरचीच्या सुनेनं पडदे कुठल्या रंगाचे घेतले ते मला माहीत, आणि माझ्या बायकोनं आपलं औषध निम्मं वाटून टाकलं ते मला माहीत नाही. मेहुण्याला सांगेन म्हणून लपवलं असणार. सांगितलंच असतं मी. पण हे कळून राग उतरत नव्हता, आणखी चढत होता. शेवटच्या वर्षात आम्ही दोघं त्या घरात असे राहिलो की तिचा आवंढासुद्धा मला कळायचा. पाणी कधी हवं, उशी कधी उंच करायची, खिडकी कधी उघडायची. मला वाटायचं, आता या बाईत मला न कळलेलं काही उरलेलं नाही. आणि तिचं एक सबंध गुपित बोळातल्या बाकावर, नाव माहीत नसलेल्या बाईजवळ.

ब्रश चालवता चालवता मला तिची झोप आठवली. गोळ्या सुरू झाल्या आणि तिला झोप लागायला लागली. आधी ती बसूनच डुलक्या घ्यायची, पडलं की जीव कोंडायचा. आता उशा रचून आडवी व्हायची आणि सकाळी चेहरा हलका असायचा. माझी खरी आहे, ती म्हणायची, बघा ना, नाहीतर झोप कुठून आली? हे म्हणताना ती माझ्याकडे बघायची नाही. तेव्हा मला वाटलं, आपलंच नशीब चांगलं निघालं याची तिला शरम वाटत असेल. मीही मग धरून चाललो की खरी आहे. गंज उतरतोय, रोज थोडा उतरतोय, एवढं काम जमलं की पुढचं बघू. ती झोपलेली असताना मी तिच्या छातीचं वरखाली होणं बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, घास, घास.

गंज उतरला की लोखंड भक्कम होतं, असं लोकांना वाटतं. होत नाही. गंजानं खाल्लेलं लोखंड परत येत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, आणि तरी घरी बसून दुसरंच मानत होतो. त्या फाटकाच्या खालच्या पट्टीवरचा गंज मी पार काढला, तर खाली लोखंडच नव्हतं. ब्रश आरपार गेला.

मेहुणा रविवारी यायचा होता. तोपर्यंत मला एकच गोष्ट हवी होती. बाकावरची चोर निघायला हवी होती. सरळ सांगतो. खरी माझ्या बायकोची निघावी, निम्मी त्या बाईनं खाल्लेली असावी, आणि म्हणून ती जिने चढते आणि म्हणून माझं घर असं झालंय. मला कुणीतरी हवं होतं. आजाराच्या नावानं बोटं मोडून भागत नाही, उशांच्या कारखान्याचा मालक कधीच मरून गेला, देवाशी माझं आधीपासूनच जमत नाही. एक जिवंत, धडधाकट, जिन्यात भेटणारी बाई मिळाली होती. ती स्वतःच विचारत होती की मी खाल्लं का. मी मनात रोज तिला सांगत होतो, हो, खाल्लंस. भाजी चिरताना सांगत होतो, अंघोळ करताना सांगत होतो. बायको गेल्यापासून इतका हुरूप मला कशाचाच आला नव्हता.

मेहुणा रविवारी सकाळी आला. हातात केळी. ताई असताना तो कधी केळी घेऊन आला नव्हता, सरळ आत जाऊन डबे उघडायचा. आता पाहुण्यासारखा आला आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. मी त्याच्यासमोर बसलो. तो बराच वेळ दवाखान्याचं, मुलीचं, हवेचं बोलला. मग म्हणाला की नंबर उघडलेत, ताईचा कागद त्यानं स्वतः बघितला, बघायला नको होता पण राहवलं नाही.

"भाऊजी," तो म्हणाला, "ताईला खोटी होती."

आणि तो रडायला लागला. मोठा माणूस, केस पांढरे झालेले, केळ्यांची पिशवी मांडीवर धरून रडत होता. माझ्या बहिणीला मी पांढरी भुकटी खायला घातली, असं काहीतरी म्हणत होता. मी त्याच्याकडे बघत होतो, पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. माझ्या हातातली बाई निसटली होती. खोटी माझ्या बायकोची होती. म्हणजे कुणी खाल्लं असेल तर तिनं. चोर निघालीच तर आमच्या घरात निघाली. आणि तेही कुठं नक्की होतं. बाकावरचीचीही खोटी असेल तर दोघींनी खडूत खडू मिसळला आणि निम्मा निम्मा वाटून घेतला, दर खेपेला, नीट मोजून.

मी त्याला विचारलं की बाकी काय निघालं, कामाचं. कामाचं बोललं की त्याचं रडं थांबतं, हे मला ताईनंच सांगून ठेवलं होतं. त्यानं डोळे पुसले. ज्यांना खरी होती त्यांच्या रक्तातल्या आणि श्वासातल्या गंजाच्या खुणा कमी झाल्या, म्हणाला. उंदरांत झालं तसंच. मी म्हटलं, आणि श्वास? तो म्हणाला, श्वास वाढला नाही, फुंकायच्या यंत्रावर सगळे होते तिथंच आहेत, काहींना थोडी धाप कमी वाटते, झोप बरी लागते, तेवढंच.

"म्हणजे तिला खरी असती तर?"

"तर... तर हेच झालं असतं, भाऊजी. बहुतेक."

"मग रडतोस कशाला?"

त्यानं केळ्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, एक मात्र मला कळत नाही. ताईला खोटी होती, तरी तिच्या खुणा उतरलेल्या आहेत. पूर्ण नाही, पण चांगल्या उतरल्यात. मला वाटलं नळ्या बदलल्या असतील, म्हणून जपून ठेवलेलं रक्त परत तपासलं. तेच आलं. आणि उलट, खऱ्या गोळीवाल्यांत एक बाई आहे, लाँड्रीत काम केलेली, तिच्या पाहिजे तेवढ्या उतरल्या नाहीत, अर्ध्यावरच थांबल्यात. ही दोन माणसं तेवढी बसत नाहीत कशात. माणसं थोडी आहेत हो, दोघं इकडचे तिकडे झाले तरी सगळं लुळं पडतं. आता छापताना खाली लिहायचं, दोघांत कारण कळलं नाही. असं लिहिण्याची पद्धत आहे.

त्यानं ते टीपॉयवर ठेवल्यासारखं ठेवलं. एक निम्मा इकडे, एक निम्मा तिकडे. त्याला दिसत नव्हतं, कारण त्याला झाकण माहीत नव्हतं. मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते दाबायला मी उठून चहा टाकायला गेलो. ओट्यापाशी उभा राहिलो तर समोर मांडणीवर तो डबा, पोचा आलेली बाजू भिंतीकडे करून. खरी बाकावरचीची होती. ती देवाजवळ मागत होती तेच तिला मिळालेलं होतं, आणि त्यातलं निम्मं माझ्या बायकोनं, चोख हिशेब सांगून, दर खेपेला काढून घेतलं. आणि आपण दिलं असं समजून घरी आली. दिलंही. तिच्या बाजूनं तिनं दिलंच. माझ्याकडे बघायची नाही ती याचसाठी. ती शरम नव्हती. खूश होती. काहीतरी करून आली होती, आणि मला सांगता येत नव्हतं.

आणि तिची झोप खरी होती. अर्ध्या गोळीची, दुसऱ्याच्या वाटची, पण खरी. गंजही उतरला होता. मी घास घास म्हणत होतो ते आत खरोखर घडत होतं. स्वच्छ होऊन गेली. खाली लोखंड नव्हतं.

चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा मेहुणा माझ्याकडे बघत होता. भाऊजी, काहीतरी बोला, म्हणाला. बोलायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. तुझ्या ताईला निम्मी खरी मिळाली, झाकणात मिसळून. एवढं ऐकलं असतं तर त्याच्या छातीवरचा दगड उतरला असता. दुसरा लगेच बसला असता, कारण मग ताई आणि ती बाई दोघींनाही कामातून काढावं लागलं असतं आणि काम लुळं पडलं असतं. पण मी गप्प बसलो ते त्याच्या कामासाठी नाही. कुणाला तसं वाटलं तर वाटू दे. तो त्याच्या ताईचं कोडं घेऊन बसला होता. परत परत तपासत होता. तिचं रक्त अजून त्याच्या फ्रीजमध्ये होतं आणि तो त्याच्याकडे जाऊन उभा राहात होता. मी उत्तर दिलं असतं तर त्यानं ती रक्ताची नळी फेकून दिली असती.

"तिचा स्वभावच तसा," मी म्हटलं. "कशात न बसायचा."

तो हसला, रडून झाल्यावर माणूस हसतो तसा, आणि चहा प्यायला. दारात चपला घालताना त्याला ताईच्या जुन्या विनोदाची आठवण झाली, मेलॅटोनिनच्या. तो सांगायला लागला आणि मधेच थांबला.

मशिनची नळी घरी राहिली होती, नाकाला लावायची. ती काही त्यांना परत नको होती, वापरलेली नळी कोण घेतं. पण मी ती पिशवीत घातली आणि तपासणीच्या दिवशी दवाखान्यात गेलो. जिना चढताना मनात वाक्य पाठ करत होतो. तुमची खरी होती. तिनं तुमचं खाल्लं, तुम्ही तिचं नाही. दोन लहान वाक्यं, बोलायला काही जड नाहीत. सांगायचं असं नक्की ठरवलं होतं. बाईनं माझं मशिन धरलं होतं. आठवडाभर मी तिला चोर चोर म्हणत होतो आणि चोर आमचीच निघाली, तीही अशी की रागावता येईना. निदान हे एक नीट करायचं.

बोळ माणसांनी भरलेला होता. खोकणारे, फलक वाचणारे. बाकावर माणसं दाटून बसली होती आणि बाकावरची तिच्या नेहमीच्या जागी होती, भिंतीपासून दुसरी. भिंतीकडच्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली होती. मी पोचायच्या आत एक म्हातारा तिथं आला आणि पिशवीकडे बोट करून काहीतरी म्हणाला. तिनं पिशवी उचलली नाही. स्वतः उठली आणि आपली जागा त्याला दिली. तो बसला, ती समोर उभी राहिली, पिशवी होती तिथंच. म्हातारा पिशवीकडे आणि तिच्याकडे बघत राहिला. वेडी बाई, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तिनं मला पाहिलं आणि पुढं आली. जवळून बघितल्यावर ती तशी बरी दिसत नव्हती. ओठ थोडे निळसर होते. जिना एखाद्या दिवशी चढता येतो, एखाद्या दिवशी नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. मी तिच्या खांद्यावरून पिशवीकडे बघितलं. मी बोललो की काय होईल ते मला सगळं दिसलं. तिच्या मानेवरचा ताण जाईल. ती म्हणेल, बरं झालं बाई. चार दिवस हळहळेल. आणि पुढच्या खेपेला पाय दुखले की पिशवी मांडीवर घेईल आणि भिंतीकडे सरकून टेकून बसेल. का बसू नये? तिलाही टेकायला हवंच आहे.

"विचारलं मी त्याला," मी म्हटलं. "सांगता येत नाही म्हणाला. नियम आहे."

"म्हणजे कळणारच नाही?"

"नाही."

तिनं मान हलवली. म्हणाली, मग मी असंच समजून चालते की त्यांचीच होती. नर्सनं तिचा नंबर पुकारला. ती जायला निघाली, आणि जाताना मला म्हणाली, "भाऊ, जरा पिशवीवर लक्ष ठेवा. कुणी बसेल."

मी उभा राहिलो. म्हाताऱ्यानं मला विचारलं, कुणी येणार आहे का इथं? मी म्हटलं, हो.